कारभारी सलाबतखान

अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. येथे पाऊस कमी पडतो आणि उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो. हवा कोरडी होते. दुपारी रस्ते ओस पडतात. म्हणून होळी झाली की घरोघर उन्हाळ्याची तयारी सुरू होते. कोणी बाजारातून नवा माठ आणतो. कोणी माळ्यावरचा कूलर खाली काढतो. कोणी खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधतो.

सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी वीज नव्हती, पंखे नव्हते, कूलरही नव्हते. उन्हाळा मात्र असाच होता. त्या काळी नगरच्या राजाला उन्हाळ्यात राहता येईल असा एक गार महाल शहराजवळ उभा राहिला. त्याचे नाव फराहबाग. हा महाल ज्याने पुरा केला, तो सलाबतखान राजाचा वजीर होता. त्याने राजाच्या घराला गारवा दिला आणि राजाच्या राज्याला सुरक्षितता दिली. त्याचे चरित्र आपण या पाठात वाचणार आहोत.

अहमदनगरची निजामशाही १४९० साली सुरू झाली. पहिला राजा अहमद निजामशाह याने हे शहर वसवले आणि त्याच्याच नावावरून शहराला अहमदनगर हे नाव मिळाले. या घराण्याचा चौथा राजा मुर्तजा निजामशाह १५६५ मध्ये गादीवर बसला. त्या वेळी तो लहान होता. त्याच्या काळात राज्य पुष्कळ वाढले. १५७४ मध्ये वऱ्हाडचा मुलूख निजामशाहीत आला. या विजयात चंगीझखान नावाच्या हुशार वजिराचा वाटा मोठा होता.

मुर्तजा स्वभावाने संशयी होता. मर्जीतल्या एका माणसाने चंगीझखानाविरुद्ध त्याचे कान भरले. राजाने चौकशी न करता वजिराला विष देण्याचा हुकूम केला. चंगीझखानाने विरोध केला नाही. विषाचा प्याला पिऊन तो मरण पावला. नंतर तो निर्दोष असल्याचे राजाला कळले. राजाला फार पश्चात्ताप झाला. त्याने दरबारात येणे जवळजवळ बंद केले. तो बागेतल्या महालात एकटा राहू लागला. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले.

राजा असा एकांतात बसला, तर राज्य चालवायचे कोणी? काही वर्षे दरबारात भांडणे झाली. शेवटी कारभार सलाबतखानाच्या हाती आला. सलाबतखान हा परदेशातून दख्खनमध्ये आलेल्या सरदारांपैकी एक होता. अशा सरदारांना त्या काळी आफाकी म्हणत. तो या भूमीत जन्मला नव्हता, परंतु त्याने आपले सारे आयुष्य याच भूमीच्या सेवेत घालवले. १५८० नंतरची काही वर्षे निजामशाहीचा खरा कारभारी तोच होता.

त्याच्या हाती आलेल्या कामांपैकी एक काम फराहबागेचे होते. शहराच्या आग्नेयेस, भुईकोट किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरांवर ही बाग आहे. येथील महालाचे काम आधी दुसऱ्या सरदारांनी केले होते. इमारत तयार झाली, परंतु राजाला ती पसंत पडली नाही. ती पाडून पुन्हा बांधावी असा हुकूम झाला. नव्या बांधकामाची जबाबदारी पुढे सलाबतखानावर आली. १५८३ मध्ये महाल पुरा झाला.

हा महाल एका मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला आहे. त्याला आठ बाजू आहेत. मध्ये उंच दिवाणखाना असून त्यावर घुमट आहे. बाजूंना उंच कमानी आहेत. भिंती जाड आहेत. बाजूला फळझाडांची व फुलझाडांची बाग होती. दुरून पाहिले की महाल पाण्यावर तरंगतो आहे असे वाटत असे.

तलावाच्या मध्यभागी महाल का बांधला, असे तुम्हाला वाटेल. केवळ शोभेसाठी नव्हे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने बर्फासारखे थंडगार पाच-सहा लिटर पाणी उकळू लागेल! नगरची उन्हाळी हवा कोरडी असते. कोरड्या हवेत पाण्याची वाफ लवकर होते. त्यामुळे तलावावरून येणारा वारा गार होऊन कमानींतून महालात शिरतो. वारा कोणत्याही दिशेने आला, तरी वाटेत पाणी लागतेच. आत तापलेली हवा हलकी होऊन वर घुमटाकडे चढते आणि माणसे बसतात तेथे गारवा राहतो. जाड भिंती दिवसभराचे ऊन लवकर आत येऊ देत नाहीत. पाणी, वारा, उंची आणि सावली या चार गोष्टींवर हा महाल थंड राहत असे. आपल्या घरातला माठ आणि कूलरही याच नियमावर चालतात.

परंतु तलाव बांधला म्हणजे काम संपले असे नाही. उन्हाळ्यात तलावच कोरडा पडला, तर महाल थंड कसा राहणार? म्हणून खरी मेहनत पाणी आणण्याची होती. नगर शहराजवळ मोठी नदी नाही. जवळून वाहणारी सीना उन्हाळ्यात आटते. म्हणून निजामशाहीत डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या विहिरींतून आणि झऱ्यांतून शहरात पाणी आणले गेले. त्यासाठी जमिनीखालून भाजलेल्या मातीचे नळ टाकले. त्यांना खापरी नळ म्हणतात. नळांभोवती चुन्याचे पक्के बांधकाम केले. कापूरवाडी, वडगाव अशा गावांकडून कित्येक किलोमीटर अंतरावरून हे पाणी येत असे. पाणी चढवायला यंत्र नव्हते. डोंगराकडची जमीन उंच आणि शहराकडची जमीन सखल. या उताराचा अचूक अंदाज घेऊन नळ टाकलेले होते. उतार थोडा जरी चुकला असता, तरी पाणी वाटेतच थांबले असते.

अशा नळांत हळूहळू गाळ साचतो. झाडांची मुळे आत शिरतात. म्हणून त्यांची देखभाल वेळेवर व्हावी लागते. उन्हाळा सुरू झाल्यावर गाळ काढायला बसले, तर तोपर्यंत हौद कोरडे पडतात. पाण्याचे काम उन्हाळ्याआधीच करावे लागते. हे ज्याला कळते तोच चांगला कारभारी.

सलाबतखानाने केवळ राजाच्या महालाचा विचार केला नाही. नगरपासून काही कोसांवर भातोडी नावाचे गाव आहे. तेथे मेहेकरी नदीचे पाणी अडवून त्याने मोठा तलाव बांधला. हा तलाव पुढे इतिहासात प्रसिद्ध झाला. १६२४ मध्ये निजामशाहीचा शूर वजीर मलिक अंबर याची मोगल आणि विजापूरच्या फौजांशी भातोडीला लढाई झाली. त्या वेळी मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला आणि लढाई जिंकली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने या तलावाची दुरुस्ती करून त्याचे पाणी शेतीला दिले. सलाबतखानाला जाऊन जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती, तरी त्याने निवडलेली जागा उपयोगी पडली.

इतिहासकार फरिश्ता त्या काळात अहमदनगरलाच राहत होता. त्याने सलाबतखानाचा कारभार स्वतः पाहिला होता. त्याने आपल्या फारसी इतिहासात सलाबतखानाची फार स्तुती केली आहे. त्याच्या काळात वाटा इतक्या सुरक्षित होत्या की व्यापारी पहारेकरी न घेता प्रवास करीत. बहमनी काळातल्या एका चांगल्या राजानंतर या मुलखात असा कारभार झाला नव्हता, असे फरिश्त्याचे मत आहे. १५८४ मध्ये वऱ्हाडचा सुभेदार बंड करून नगरवर चालून आला. सलाबतखानाने नगरजवळ जेऊर येथे त्याचा पराभव केला.

इकडे मुर्तजा निजामशाह फराहबागेच्या गारव्यात बुद्धिबळ खेळत बसे. दिल्लीहून आलेला एक कलावंत त्याच्या फार मर्जीत होता. राजाने त्याच्यासाठी बागेत वेगळा महालही बांधवला. त्याला लक्कडमहाल म्हणत. राजा सावलीत होता आणि वजीर उन्हात होता. दोघांच्या स्वभावातला हा फरक पुढे संकटाला कारण झाला.

एकदा राजाने मर्जीतल्या कलावंताला खजिन्यातल्या रत्नांच्या दोन माळा देण्याचा हुकूम केला. या माळा साध्या नव्हत्या. १५६५ मध्ये विजयनगरच्या रामराजाचा पराभव झाला, तेव्हा त्या निजामशाहीच्या हाती आल्या होत्या. माणिक, पाचू आणि मोती गुंफलेल्या अशा माळा पुन्हा मिळणे शक्य नव्हते. ही राज्याची दौलत आहे, ती अशी उधळू नये, असे सलाबतखानाला वाटले. त्याने तशाच दिसणाऱ्या खोट्या माळा पाठवून दिल्या. काही दिवसांनी हे उघडकीला आले. राजा संतापला. त्याने खजिन्यातले सारे जवाहीर आपल्यासमोर मांडायला सांगितले. सलाबतखानाने उत्तम रत्ने बाजूला काढून ठेवली आणि उरलेली मांडली. आपल्याला हव्या त्या माळा त्यात नाहीत हे पाहून राजाने समोरचे जवाहीर आगीत टाकले.

मुलांनो, येथे एक प्रश्न उभा राहतो. सलाबतखानाने राजाचा हुकूम मोडला. त्याने राजाला फसवलेही. पण रत्ने त्याने स्वतःसाठी ठेवली नाहीत. ती राज्यासाठी वाचवली. त्याचे वागणे बरोबर होते की चूक? याचा तुम्ही वर्गात विचार करा.

पुढे विजापूरशी भांडण सुरू झाले. विजापूरच्या राजकन्येचे लग्न मुर्तजाचा मुलगा मीरान हुसेन याच्याशी ठरले होते. सलाबतखानाने लग्नाच्या बदल्यात सोलापूरचा किल्ला मागितला. विजापूरकरांनी तो दिला नाही आणि पुन्हा युद्धाचे ढग जमले. राजाच्या मनात वजिराविषयी राग होताच. आता त्याने सलाबतखानावर दोष ठेवला. आपण कैदेत जावे अशी राजाची इच्छा आहे, हे सलाबतखानाने ओळखले.

सलाबतखानाजवळ त्या वेळी फौज होती, खजिना होता, विश्वासू माणसे होती. त्याच्या मित्रांनी त्याला राजाचा हुकूम न मानण्याचा आग्रह केला. मनात आणले असते, तर तो राजालाच कैद करू शकला असता. परंतु त्याने तसे केले नाही. आपल्याला कोणत्या किल्ल्यात जायचे आहे, एवढेच त्याने राजाला विचारले. राजाने कोकणातल्या दंडा-राजपुरीच्या किल्ल्याचे नाव सांगितले. सलाबतखानाने स्वतःच्या हाताने पायांत बेड्या घातल्या. तो पालखीत बसला आणि भोयांना किल्ल्याकडे चालायला सांगितले. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर हत्यार उचलायचे नाही, हा त्याचा नियम होता. सारे शहर हे दृश्य पाहून हळहळले असेल.

कारभारी गेला आणि राज्याची घडी विसकटली. ज्या राजाने विश्वासू वजिराला दूर केले, त्याचे रक्षण करायला कोणी उरले नाही. जून १५८८ मध्ये मीरान हुसेनने बंड केले. त्याने आपल्या वडिलांना हमामखान्यात कोंडले. दारे-खिडक्या बंद करून आत मोठी आग पेटवली. त्या उष्णतेने मुर्तजा निजामशाहाचा प्राण गेला. ज्याच्यासाठी पाण्यात महाल बांधला गेला, त्याचा शेवट असा व्हावा, ही दुःखाची गोष्ट आहे. बाप मारून मिळवलेले राज्य मीरान हुसेनलाही लाभले नाही. दुसऱ्याच वर्षी तोही मारला गेला.

नगरला जमालखान नावाचा सरदार प्रबळ झाला. तेव्हा वऱ्हाडच्या सरदारांनी सलाबतखानाला कैदेतून सोडवले. ते त्याला पुढे करून नगरकडे निघाले. परंतु पैठणजवळ त्याच्या फौजेचा पराभव झाला. सलाबतखान आता फार म्हातारा झाला होता. शरीर थकले होते. त्याने सत्तेची आशा सोडली आणि आपण वसवलेल्या तळेगावात शेवटचे दिवस घालवण्याची परवानगी मागितली. ती त्याला मिळाली. त्याच वर्षी, १५८९ मध्ये, तो मरण पावला.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की सुमारे दहा किलोमीटरांवर शहाडोंगर नावाचा उंच डोंगर आहे. डोंगराच्या माथ्यावर दगडी इमारत दिसते. तिला आठ बाजू आणि तीन मजले आहेत. नक्षीकाम फारसे नाही, परंतु बांधणी भक्कम आहे. ही सलाबतखानाची कबर आहे. उंचीमुळे येथे सतत वारा वाहतो. वरच्या मजल्यावरून नगर शहर आणि आजूबाजूची गावे दिसतात. लोक या इमारतीला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे पाहता शूर चांदबीबीने १५९५-९६ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्याचे रक्षण केले. डोंगरावरच्या इमारतीशी तिचा संबंध नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी काम केले, त्याच्या कबरीलाही दुसऱ्याचे नाव पडले. सहलीला तेथे गेलात, तर सलाबतखानाची आठवण अवश्य काढा.

फराहबागेचा महाल आज पडीक आहे. तलावात पूर्वीसारखे पाणी नसते. पाणी गेले आणि महालाचा गारवाही कमी झाला. इमारत कितीही सुंदर असली, तरी देखभाल थांबली की तिचा उपयोग संपतो, हे तेथे उभे राहिले की समजते.

आपल्या घरचा कूलर म्हणजे एक लहानशी फराहबागच आहे. त्याच्या टाकीत पाणी असते. पंप ते पाणी बाजूच्या ताट्यांवर सोडतो. पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो आणि गार करून खोलीत सोडतो. म्हणून कूलर खिडकीत ठेवावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. दमट हवा बाहेर गेली नाही, तर गारवा मिळत नाही. कूलर सुरू करण्याआधी टाकीतली धूळ आणि जुना क्षार घासून काढावा. कुजलेल्या ताट्या बदलाव्यात. वायर कोठे सोललेली नाही ना, हे मोठ्या माणसांकडून पाहून घ्यावे. पाणी भरताना प्लग काढून ठेवावा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसावी, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात. ही कामे मार्चमध्येच करावीत. मे महिन्याच्या दुपारी, पाहुणे घरात आल्यावर, ती करता येत नाहीत.

सलाबतखानाचा मोठेपणा यातच होता. गरज पडण्याआधी तो तयारी करीत असे. पाणी आटण्याआधी त्याने तलाव बांधला. चोर येण्याआधी वाटा सुरक्षित केल्या. खजिना रिकामा होण्याआधी रत्ने जपली. सत्ता हातात असताना तो कर्तव्याला चुकला नाही आणि सत्ता गेली तेव्हा त्याने आपले इमान सोडले नाही. अशा माणसांमुळेच घर आणि राज्य उभे राहते.

शब्दार्थ

पर्जन्यछायेचा प्रदेश – डोंगरामुळे कमी पाऊस पडणारा भाग
ओस पडणे – रिकामे होणे
कान भरणे – एखाद्याविरुद्ध खोटेनाटे सांगणे
सखल – कमी उंचीचा
कोस – अंतर मोजण्याचे जुने माप
जवाहीर – मौल्यवान रत्ने
भोई – पालखी वाहणारा
हळहळणे – वाईट वाटणे
घडी विसकटणे – व्यवस्था बिघडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फराहबागेचा महाल कोणत्या वर्षी पुरा झाला?
(आ) खापरी नळ कशाचे बनवलेले असत?
(इ) सलाबतखानाची कबर कोणत्या डोंगरावर आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तलावातला महाल उन्हाळ्यात थंड का राहत असे?
(आ) सलाबतखानाने खोट्या माळा का पाठवल्या?
(इ) मित्रांचा आग्रह असूनही सलाबतखान कैदेत का गेला?

३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
कान भरणे, ओस पडणे, घडी विसकटणे

४. तुमच्या घरी उन्हाळ्यापूर्वी कोणती तयारी करतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.